समाजमाध्यमांच्या काळातील जनसंपर्क: बारामती आणि इंदापूर

ज्या लोकांवर एखाद्या संस्थेचे चालणे अवलंबून असते, त्यांचा विश्वास मिळवण्याच्या आणि टिकवण्याच्या कामाला जनसंपर्क म्हणतात. जाहिरातीत पैसे मोजून जागा विकत घेता येते. जनसंपर्कात आपली बाजू दुसऱ्याच्या तोंडून यावी यासाठी खटपट करावी लागते. म्हणूनच बातमीदार, संपादक, स्थानिक पुढारी, शिक्षक, दूध संस्थेचा सचिव अशा मधल्या माणसांना या व्यवसायात मोठे महत्त्व होते. समाजमाध्यमांनी या मधल्या माणसांची जागा बदलली. या बदलाशी व्यवसायाने कसे जुळवून घेतले, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सोयीचे आहेत. येथे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. खासगी आणि सहकारी दूधधंदा आहे, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्या आहेत, विद्या प्रतिष्ठान आणि अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टसारख्या संस्था आहेत, आणि देशभर लक्ष वेधून घेणारे राजकारणही आहे. यातल्या प्रत्येकाला सभासद, ग्राहक, कामगार, पालक किंवा मतदार यांच्याशी रोज बोलावे लागते.

कात्रणांचे युग

आधुनिक जनसंपर्काचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत झाला असे मानतात. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला. तेव्हा आयव्ही ली यांनी कंपनीच्या वतीने वृत्तपत्रांना स्वतःहून माहिती दिली, आणि ते पहिले प्रसिद्धिपत्रक समजले जाते. घडलेली गोष्ट लपवण्यापेक्षा ती आपणच आधी सांगितलेली बरी, हा धडा या व्यवसायाने तेव्हापासून गिरवला. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात सरकारी जनसंपर्काची स्वतंत्र यंत्रणा आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याखाली जिल्हा माहिती कार्यालये आणि काही ठिकाणी उपमाहिती कार्यालये अशी तिची रचना असून बारामतीतही उपमाहिती कार्यालय आहे. मंत्र्यांचे दौरे, शासननिर्णय आणि योजनांची माहिती प्रेसनोटच्या रूपाने वृत्तपत्रांकडे पाठवणे, छायाचित्रे पुरवणे आणि छापून आलेल्या मजकुराची कात्रणे वरिष्ठांपुढे ठेवणे हे या कार्यालयांचे नेहमीचे काम होते.

खासगी आणि सहकारी संस्थांची पद्धतही फारशी वेगळी नव्हती. कारखान्याची प्रेसनोट तालुक्याच्या वार्ताहराकडे जाई. वार्ताहर अनेकदा वृत्तपत्राचा जाहिरात प्रतिनिधीही असे. त्यामुळे गळीत हंगामाच्या शुभारंभाची बातमी आणि त्याच दिवशीची शुभेच्छांची जाहिरात यांचे नाते उघड असे. चौकात फ्लेक्स लागे, सभासदांच्या घरी वार्षिक अहवाल पोचे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांचे भाषण होई. बारामतीत वसुंधरा वाहिनी आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी या सामुदायिक नभोवाणी केंद्रांनी त्यात स्थानिक आवाजाची भर घातली.

या पद्धतीत प्रत्येक श्रोतावर्ग वेगळा ठेवता येई. सभासदांना सांगायचे ते सभेत, बँकेला सांगायचे ते ताळेबंदात, पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायचे ते पत्रकार परिषदेत. गावातल्या सभेत मोकळेढाकळे बोलणारा पुढारी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात नीटनेटक्या वाक्यांत दिसे, कारण मधला वार्ताहर भाषण गाळून घेत असे.

निंबोडीचे भाषण

ही विभागणी किती कच्ची झाली आहे, हे इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथे एप्रिल २०१३ मध्ये झालेल्या एका सभेने दाखवून दिले. त्या वर्षी राज्यात तीव्र दुष्काळ होता. उजनी धरणात पाणी सोडावे या मागणीसाठी सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण चालू होते. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी निंबोडीच्या सभेत त्या उपोषणाची खिल्ली उडवली आणि धरणात पाणीच नसेल तर ते आणायचे कोठून, अशा आशयाचे बोलताना असभ्य शब्द वापरले. भारनियमनावरही त्यांनी विनोद केला.

समोरचे श्रोते ओळखीचे होते आणि सभेत हशाही पिकला. पण भाषणाची चित्रफीत बाहेर आली, वृत्तवाहिन्यांवर पुन्हापुन्हा दाखवली गेली आणि फेसबुक-यूट्यूबवरून सर्वत्र पोचली. निंबोडीकरांसाठी केलेला विनोद दुष्काळात होरपळणाऱ्या मराठवाड्यातल्या आणि सोलापुरातल्या माणसाने ऐकला, तेव्हा त्याचा अर्थ पार बदलला. पवार यांनी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. १४ एप्रिल रोजी कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी बसून त्यांनी आत्मक्लेश केला.

जनसंपर्काच्या दृष्टीने या प्रसंगात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. खासगी किंवा स्थानिक श्रोतावर्ग असा काही उरलेला नाही, ही पहिली. फोन असलेला प्रत्येक श्रोता वार्ताहर असतो आणि तो काहीही गाळत नाही. दुसरी गोष्ट प्रतिसादाची. 'विधानाचा विपर्यास झाला' हा पूर्वीचा नेहमीचा खुलासा चित्रफीत समोर असताना टिकत नाही. त्यामुळे लवकर आणि निःसंदिग्ध माफी हाच व्यावहारिक मार्ग उरतो. पुढाऱ्यांना आणि कंपनी अधिकाऱ्यांना बोलण्याचे प्रशिक्षण देणे हा आज एजन्सींच्या कामाचा नेहमीचा भाग आहे, आणि ग्रामीण सभेतही प्रत्येक वाक्य राज्यभर ऐकले जाणार असे धरूनच बोला, हा त्यातला पहिला धडा असतो.

कामात झालेले बदल

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. त्यानंतर फेसबुक, यूट्यूब आणि विशेषतः व्हॉट्सअ‍ॅप गावोगाव पोचले. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, ऊस उत्पादकांचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप अशी जाळी तयार झाली. या जाळ्यात शिरताना जनसंपर्काच्या कामाची घडी चार बाबतींत बदलली.

पहिला बदल वेळेचा. वृत्तपत्राच्या काळात संध्याकाळपर्यंत खुलासा पाठवला तरी चाले, कारण अंक रात्री छापला जाई. आता आरोप सकाळी फिरू लागला तर दुपारपर्यंत लोकांचे मत बनून गेलेले असते. त्यामुळे मोठ्या संस्थांना संभाव्य अडचणींची उत्तरे आधीच तयार ठेवावी लागतात आणि ती देण्याचा अधिकार कोणाला आहे हेही ठरवावे लागते. परवानगीसाठी फाइल चार टेबले फिरणार असेल, तर उत्तर बरोबर असूनही उशिरा पोचते.

दुसरा बदल ऐकण्याचा. कात्रणे कापण्याच्या जागी पोस्ट, प्रतिक्रिया आणि चित्रफितींवर लक्ष ठेवणे आले. यासाठी सॉफ्टवेअर मिळते, पण मराठीतील टोमणा, उपरोध आणि बोलीतला शब्द यंत्राला सहजी कळत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे बाहेरच्याला दिसत नाही. तिथे काय चालले आहे हे कळण्यासाठी गावातला ओळखीचा माणूसच लागतो. जनसंपर्काचे सर्वांत जुने साधन या एका कामासाठी अजून टिकून आहे.

तिसरा बदल रूपाचा. दोन पानी प्रेसनोटऐवजी अर्ध्या-एक मिनिटाची उभी चित्रफीत, तिच्यावर ठळक मराठी अक्षरे आणि पहिल्या काही सेकंदांत मुद्दा, अशी मागणी आली. त्यामुळे छायाचित्रकार, लग्नाचे चित्रीकरण करणारे, फ्लेक्सची मांडणी करणारे यांच्यातून तालुक्याच्या ठिकाणी डिजिटल प्रसिद्धीचे छोटे व्यवसाय उभे राहिले. पुण्या-मुंबईची एजन्सी धोरण ठरवते आणि चित्रीकरण, बोलीभाषा व वाटप स्थानिक मंडळी सांभाळतात, अशी कामाची वाटणी आता सर्रास दिसते.

चौथा बदल मध्यस्थांचा. तालुक्याच्या वार्ताहराबरोबर यूट्यूब वाहिन्या, बातम्यांची पोर्टले, शेतीवर चित्रफिती करणारे शेतकरी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन हे नवे मध्यस्थ झाले. त्यांच्यापैकी काही जण पत्रकारितेचे संकेत पाळतात. काही जणांकडे बातमी आणि जाहिरात यांच्यात सीमारेषाच नसते. जुना प्रश्न मिटला नाही, तो फक्त अधिक लोकांमध्ये वाटला गेला.

सरकारी खाती आणि लोकांचा कॅमेरा

समाजमाध्यमांनी सरकारी खात्यांना प्रश्न विचारण्याची रीत बदलली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी रस्त्यावरील खड्ड्यांबरोबर स्वतःची छायाचित्रे काढून ती ट्विटरवर टाकली आणि सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांना उद्देशून प्रश्न केला. १५ डिसेंबरपर्यंत राज्यातील रस्ते खड्डेमुक्त करू, असे पाटील यांनी जाहीर केले होते. 'सेल्फी विथ पॉटहोल्स' ही मोहीम त्यातून पसरली आणि इतरांनीही आपापल्या भागातील खड्डे दाखवले. निवेदन, मोर्चा आणि तारांकित प्रश्न या वाटा होत्याच. येथे मात्र पुरावा, तक्रार आणि मुदत या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात बसल्या. अशा वेळी केवळ कामाच्या टक्केवारीचे पत्रक काढून खात्याला भागवता येत नाही. त्याच ठिकाणचा दुरुस्त झालेला रस्ता दाखवावा लागतो.

उजनीच्या पाण्याचा वाद हे दुसरे उदाहरण. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतील पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याचा निर्णय झाला. त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे हे राज्यमंत्री होते आणि सोलापूरचे पालकमंत्रीही होते. पुणे-पिंपरी परिसरातून वाहून येणारे सांडपाणी मोजून हे पाणी दिले जाणार असल्याची सरकारची मांडणी होती. सोलापूर जिल्ह्यात तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आंदोलने झाली आणि मे महिन्यात निर्णय रद्द करावा लागला. इंदापुरात हा निर्णय विकासाचा होता आणि सोलापुरात तो पळवापळवीचा ठरला. पूर्वी दोन जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत दोन वेगळ्या बातम्या छापता आल्या असत्या. आता इंदापुरातील अभिनंदनाची पोस्ट सोलापुरात विरोधाचा पुरावा म्हणून फिरते. धरणाच्या आकडेवारीसारखा किचकट विषय घोषणेआधी दोन्ही बाजूंना समजावून सांगणे हे जनसंपर्काचे काम आहे. निर्णयानंतर केलेला खुलासा तिथे तोकडा पडतो.

याच मे महिन्यात सरकारी जनसंपर्कात खासगी एजन्सीला किती वाव असावा हा प्रश्न थेट चर्चेला आला. उपमुख्यमंत्री कार्यालयाची समाजमाध्यमे सांभाळण्यासाठी बाहेरची संस्था नेमण्याचा आणि त्यासाठी सुमारे सहा कोटी रुपये खर्च करण्याचा शासननिर्णय निघाला. कोरोनाची दुसरी लाट चालू होती आणि सरकारकडे माहिती व जनसंपर्काचे स्वतःचे मनुष्यबळ होते. टीका होताच दुसऱ्या दिवशी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी तो निर्णय रद्द करायला सांगितले. सरकारी प्रसिद्धीला नवी कौशल्ये लागतात ही गोष्ट खरी होती. तथापि प्रसिद्धीवरचा खर्चच बातमी झाला की मूळ हेतूची हानी होते.

निवडणुकीतील व्यावसायिक

राजकीय जनसंपर्काचे सर्वांत ठळक प्रयोग २०२४ मध्ये झाले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडल्यानंतर मूळ नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या पक्षाकडे गेले. पक्षाचे संस्थापक शरद पवार यांच्या पक्षाला फेब्रुवारी २०२४ मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवे चिन्ह मिळाले. बारामती लोकसभा मतदारसंघात ७ मे रोजी मतदान होते. अडीच महिन्यांत नवे चिन्ह घरोघरी पोचवायचे होते. चिन्हाचे अनावरण रायगडावर झाले आणि नंतर तुतारीचा आवाज, स्टेटस, गाणी आणि रील यांतून ते पसरवले गेले. ज्याला आवाज आहे असे चिन्ह समाजमाध्यमांना मानवणारे होते.

त्यातच एका अपक्षाला मिळालेल्या वाद्याच्या चिन्हाचा मराठीत 'तुतारी' असाच उल्लेख झाल्याने गोंधळ उडाला आणि शरद पवार यांच्या पक्षाने त्यावर आक्षेप घेतला. नेमके कोणते चित्र पाहून बटण दाबायचे हे समजावून सांगणे हा प्रचाराचा स्वतंत्र भाग बनला. या पक्षाच्या उमेदवार सुप्रिया सुळे यांनी अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली.

लोकसभेच्या निकालानंतर अजित पवार यांच्या पक्षाने नरेश अरोरा यांच्या डिझाइनबॉक्स्ड या राजकीय सल्लागार संस्थेला काम दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये जनसन्मान यात्रा निघाली. गुलाबी जाकीट, गुलाबी मंच आणि गुलाबी प्रचारसाहित्य अशी एकसंध रंगसंगती ठरवण्यात आली. कडक शिस्तीच्या प्रशासकाची जुनी प्रतिमा मवाळ करून महिला मतदारांपर्यंत पोचण्याचा हा प्रयत्न होता. त्याला 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतील दरमहा १,५०० रुपयांचा आधार होता. चुलत बहीण सुळे यांच्याविरुद्ध पत्नीला उभे करणे ही चूक होती, असेही पवार यांनी याच काळात जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी बारामतीत पुतणे युगेंद्र पवार यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. इंदापुरात दत्तात्रय भरणे यांनी निवडणुकीच्या तोंडावर शरद पवारांच्या पक्षात गेलेल्या हर्षवर्धन पाटील यांना हरवले.

एकाच क्षेत्रातील त्याच मतदारांनी सहा महिन्यांच्या अंतराने दिलेले हे दोन कौल प्रसिद्धी व्यवसायाला सावध करणारे आहेत. रंग आणि रील यांमुळे विजय मिळाला असे म्हणणे सल्लागारांच्या सोयीचे असते. परंतु योजनेचे खात्यात जमा झालेले पैसे, उमेदवार बदलल्याने बदललेली भावना आणि दिल्लीसाठी एक व मुंबईसाठी दुसरा असा मतदारांचा हिशेब ही कारणे त्यात मिसळलेली असतात. शिवाय सर्वांत परिणामकारक क्षण अनेकदा आखून घडवता येत नाही. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यातील प्रचारसभेत शरद पवार भर पावसात बोलत राहिले आणि ते छायाचित्र रातोरात राज्यभर पोचले. पाऊस कोणत्याही एजन्सीच्या वेळापत्रकात नव्हता.

या व्यवहाराला नियमांची चौकट आहे. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच समाजमाध्यमांविषयी सूचना दिल्या. त्यानुसार उमेदवाराला अर्जासोबत आपल्या खात्यांची माहिती द्यावी लागते, इंटरनेटवरील राजकीय जाहिराती माध्यम प्रमाणन समितीकडून आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात धरला जातो. २०२४ मध्ये राज्यात उमेदवाराच्या या खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये होती. खोटा किंवा यंत्राने बनवलेला दिशाभूल करणारा मजकूर निदर्शनास आल्यावर पक्षांनी तो तीन तासांत हटवावा, असा आदेश मे २०२४ मध्ये निघाला. मात्र समर्थकांनी आपापल्या खात्यांवरून केलेला प्रचार उत्स्फूर्त कोणता आणि पैसे देऊन करवलेला कोणता हे ठरवणे अवघड असते.

कारखाना, दूध आणि सभासद

सहकारी साखर कारखान्याचा सभासद मालकही असतो, माल पुरवणाराही असतो आणि मतदारही असतो. या तिन्ही नात्यांचा आवाज आता एकाच ग्रुपमध्ये उमटतो. ऊसदर, पहिली उचल, तोडणीचा क्रम, वजनकाटा आणि साखर उतारा हे त्याच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दर देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. त्यामुळे देयकाचा विषय निघाला की प्रत्येक सभासद तारीख मोजू लागतो.

शेजारच्या कारखान्याचा दर जाहीर झाला की तासाभरात तुलनेचे तक्ते फिरू लागतात. अशा वेळी सर्वसाधारण सभेपर्यंत थांबणे कारखान्याला परवडत नाही. वजनाची नोंद आणि बिल जमा झाल्याचा संदेश थेट सभासदाच्या मोबाइलवर पाठवणे हा जनसंपर्काचाच भाग झाला आहे. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ऊसनोंदणीसाठी मोबाइल अ‍ॅप आणले. शेतकी विभागाचा कर्मचारी आणि ऊसतोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय यांच्याकडे असलेली माहिती त्यामुळे काही प्रमाणात शेतकऱ्याच्या हाती आली. माहिती उघडी झाली की प्रसिद्धी विभागाला सारवासारव करायला फारशी जागा उरत नाही आणि खरे कारण सांगावे लागते: साखरेचा साठा किती शिल्लक आहे, कर्ज किती आहे, उतारा का घटला.

कारखान्यांच्या निवडणुकांत हे विशेष दिसते. माळेगाव कारखान्याच्या जून २०२५ मधील निवडणुकीत एकोणीस हजारांहून अधिक मतदार होते आणि अजित पवार स्वतः पॅनेलचे नेतृत्व करत रिंगणात होते. एका कारखान्याच्या संचालक मंडळाची ही निवडणूक राज्यभर चर्चिली गेली.

दूधधंद्यात पेच वेगळा आहे. इंदापूरच्या सोनाईसारख्या दूधसंस्थेला एकीकडे शहरातील ग्राहकाला शुद्धतेची खात्री द्यायची असते आणि दुसरीकडे उत्पादकाला फॅट व एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ) यांनुसार मिळालेल्या दराचे समाधान द्यायचे असते. ग्राहकासाठी केलेली देखणी जाहिरात उत्पादक पाहतो आणि 'आमच्या दुधाला दर मात्र एवढाच का?' असे तिच्याखालीच लिहितो. त्यामुळे ग्राहकाशी आणि पुरवठादाराशी बोलणारे दोन विभाग एकमेकांना न विचारता चालू शकत नाहीत.

बारामतीचा ऊस जगाच्या पडद्यावर

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतील संवेदक यांच्या नोंदी एकत्र करून पाणी, खत आणि रोग यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवणे हे त्याचे स्वरूप आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या शेतकऱ्यांच्या अनुभवाची चित्रफीत एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टाकली आणि तिला इलॉन मस्क यांनी प्रतिसाद दिला. जानेवारीत भरणारे 'कृषिक' प्रदर्शन जे काम शिवारात प्रात्यक्षिके दाखवून करत होते, त्याला एका पोस्टने जगभरचा प्रेक्षक मिळाला.

यातील जनसंपर्काचे तंत्र लक्षात घेण्याजोगे आहे. कंपनीने आपल्या संगणकप्रणालीची स्तुती स्वतः न करता शेतकऱ्याला बोलते केले. संस्थेला जगातील मोठ्या नावाची साक्ष मिळाली आणि कंपनीला शेतातील खरेपणा मिळाला. मात्र अशा प्रसिद्धीनंतर संस्थेचे काम वाढते. उत्पादनवाढीचे आकडे पोस्टमधून फिरतात, पण ते कोणत्या जमिनीतील, कोणत्या वाणाचे आणि किती खर्चावर मिळालेले आहेत हा तपशील मागे राहतो. दूरच्या जिल्ह्यातून शेतकरी चौकशीला येतो तेव्हा त्याला खर्च, मर्यादा आणि पूर्वतयारी स्पष्ट सांगावी लागते. अपेक्षा वाढवणे सोपे असते. वाढलेली अपेक्षा वास्तवाशी जुळवून देणे हे कौशल्याचे आणि जास्त काळ चालणारे काम आहे.

भिगवणचे पक्षी

छोट्या व्यावसायिकाला एजन्सी परवडत नाही. तरीही समाजमाध्यमांनी त्याला जनसंपर्क करायला शिकवले. उजनीच्या फुगवट्यावर इंदापूर तालुक्यातील भिगवण आणि कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. येथील मच्छीमारांपैकी काही जण पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवू लागले आणि काहींनी घरी जेवणा-राहण्याची सोय केली. पर्यटकांनी काढलेली छायाचित्रे आणि त्यांनी नकाशावर दिलेले अभिप्राय हीच त्यांची प्रसिद्धी. पाणी किती आहे, पक्षी आले का, हे नावाडी रोज स्टेटसवर सांगतो आणि पुण्याचा ग्राहक त्यावरून बेत ठरवतो. वन विभागाने बारामतीतील शिर्सुफळ आणि इंदापुरातील कडबनवाडी येथे सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारीही ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्या आधारे चालते.

या प्रसिद्धीला धोक्याची बाजू आहे. जवळून काढलेल्या छायाचित्राला दाद मिळते म्हणून होडी पक्ष्यांच्या फार जवळ नेण्याचा आग्रह होतो आणि थवा उडून जातो. घरट्याचे किंवा लांडग्याच्या गुहेचे नेमके ठिकाण जाहीर झाले तर तिथे गर्दी लोटते. म्हणून काय दाखवायचे यासोबत काय दाखवायचे नाही, याचेही संकेत मार्गदर्शकांना पाळावे लागतात.

अफवा, कायदा आणि जबाबदारी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, समाजमाध्यमांवर पसरलेल्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागण्यासाठी गेले होते. त्या वर्षी देशात अशा घटना वाढल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. राईनपाड्याच्या घटनेनंतर ग्रामीण पोलिसांच्या जनसंपर्काचे स्वरूप बदलले. अफवेचा खुलासा पोलिस पाटील, सरपंच आणि ग्रुप अ‍ॅडमिन यांच्यामार्फत त्याच ग्रुपमध्ये टाकणे हे नित्याचे काम झाले. पुणे ग्रामीण भागात वापरली जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा एका कॉलवर गावातील अनेकांच्या फोनवर सूचना पोचवते. खुलासा आवाजात आणि ओळखीच्या माणसाकडून आला, तर तो लवकर पटतो.

व्यापारी प्रसिद्धीसाठीही नियम आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेऊन केलेली पोस्ट जाहिरात आहे, हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रभावकावर प्रसिद्धी करण्याची बंदीही घालता येते. खत, बियाणे किंवा कीटकनाशकाची फुकट मिळालेली बाटली हातात धरून चित्रफीत करणारा शेतकरी यूट्यूबर या नियमांच्या कक्षेत येतो. सभासदांचे किंवा ग्राहकांचे फोन क्रमांक एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच प्रचारासाठी वापरण्याच्या सवयीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आळा घालण्याची तरतूद केली असून, त्यासाठी संबंधिताची संमती हे मुख्य तत्त्व ठरवले आहे.

यशाचे मोजमाप

कात्रणांच्या काळात छापून आलेल्या मजकुराचे क्षेत्रफळ मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीला किती पैसे पडले असते, त्यावरून जनसंपर्काची किंमत काढत. २०१० मध्ये बार्सिलोना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही पद्धत चुकीची ठरवली. लोकांच्या समजुतीत आणि वागणुकीत काय फरक पडला ते मोजावे, असे तत्त्व तिने मांडले. लाइक, व्ह्यू आणि अनुयायी यांचे आकडे हे जुन्या क्षेत्रफळाचेच नवे रूप आहे. ते विकतही घेता येतात, आणि बारामतीची रील कोणी पाहिली यात मतदार किती व राज्यभरचे बघे किती हे त्यांवरून कळत नाही.

उपयोगी मोजमाप संस्थेच्या कामातूनच निघते. कृषी विज्ञान केंद्रासाठी, चित्रफीत पाहून आलेल्यांपैकी किती शेतकऱ्यांनी दुसऱ्या हंगामातही तंत्र चालू ठेवले, हा आकडा महत्त्वाचा. पोलिसांसाठी, अफवा उठल्यापासून खुलासा पोचेपर्यंत किती वेळ गेला तो. होडीवाल्यासाठी, परत आलेले पर्यटक. साखर कारखान्यासाठी कसोटी आणखी सरळ आहे: दोन-तीन कारखाने आवाक्यात असताना सभासदाने आपला नोंदवलेला ऊस कोणत्या गव्हाणीत टाकला, आणि दराविषयी तक्रार असताना ती कारखान्याला आधी कळवली की थेट ग्रुपवर टाकली. या उत्तरांवरूनच समाजमाध्यमांवरचा खर्च कितपत सार्थकी लागला, हे ठरवता येते.